मामांची जुनी पेंटॅक्स लेन्स सोनीवर लावलीय, हाताने फोकस जमत नाहीये. कुठून सुरुवात करू?

कातळावरचा
नमस्कार मंडळी, मी मालवण तालुक्यातला. सोनी ए ६००० आहे, आतापर्यंत किट लेन्सवरच सगळं काढत आलोय. आमच्या मामांचा फोटो स्टुडिओ होता, ते गेल्यावर मामीने माळा आवरताना एक पत्र्याची पेटी माझ्या हातात दिली, त्यात त्यांचा पेंटॅक्स के १००० आणि त्यावरची ५० एमएम एफ २ लेन्स. गावातली निम्मी लग्नं त्यांनी त्यावर काढलीत, माझ्या बारशाचा फोटोसुद्धा त्याच लेन्समधून आलाय, त्यामुळे ती कपाटात पडून राहू द्यायची नाही एवढं पक्कं आहे.

ॲडॉप्टर मागवला, बसला नीट. पण पहिल्यांदा शटरच पडेना, लेन्स लावलेली नाही असं कॅमेरा म्हणतो. मित्राचा कॅमेरा त्याच मॉडेलचा, त्यावर मात्र शटर पडलं. तिथे काढलेले फोटो मागच्या स्क्रीनवर मस्त दिसतात आणि कॉम्प्युटरवर टाकले की दहातले आठ मऊ. फोकस पीकिंग चालू केलं तर अख्ख्या चेहऱ्यावर लाल रेघा येतात, नक्की डोळा धरलाय की कान तेच कळत नाही. कार्तिकात आमच्याकडे जत्रा सुरू होतील, मला दशावतार (आमच्याकडचं रात्रीचं लोकनाट्य) या लेन्सवर काढायचाय. तोपर्यंत हात बसेल का, आणि सराव कसा करायचा, जरा सविस्तर सांगा.

मिऱ्या_किनारा
दादा, आधी शटरचं बघू. मेन्यूत 'रिलीज विदाउट लेन्स' नावाचं सेटिंग आहे ते एनेबल करा. जुन्या लेन्सला इलेक्ट्रिकल संपर्क नसतात म्हणून कॅमेऱ्याला पुढे काही लावलंय हेच समजत नाही, तुमच्या मित्राने ते आधीच चालू केलेलं असणार. मोड ए ठेवा, ॲपर्चर लेन्सच्या रिंगवरून तुम्ही द्यायचं, शटर स्पीड कॅमेरा बघेल.

आता मऊ फोटोंचं. फोटो १०० टक्के मोठा करून बघा, त्यात दुसरं काहीतरी, म्हणजे कान, खांदा, मागची भिंत, कुठेतरी धारदार आहे का? असेल तर फोकस चुकलाय. काहीच धारदार नाही आणि सगळं एकाच दिशेने ओढल्यासारखं दिसतंय तर हात हललाय. हे दोन वेगळे आजार आहेत आणि लोक दोघांना एकच औषध देतात. तुमच्या किट लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन आहे, या ५० मध्ये नाही आणि ए ६००० च्या बॉडीतही नाही. त्यात क्रॉप सेन्सरमुळे (फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सर) ५० ची नजर ७५ सारखी अरुंद होते, म्हणून शटर १/१२५ च्या खाली जाऊ देऊ नका, ऑटो आयएसओ ठेवून एम मोडवर गेलात तरी चालेल.

पीकिंगची लेव्हल लो करा. पीकिंग म्हणजे कॅमेरा फक्त जिथे उजेड-अंधाराची कडा तीव्र दिसते तिथे रंग भरतो, हायवर ठेवलं की जवळपास आलेली कडाही रंगते आणि आपण फसतो. मी पीकिंग फक्त जवळ पोचायला वापरतो, शेवटचं काम फोकस मॅग्निफायरने, म्हणजे चित्राचा तुकडा मोठा करून दाखवणाऱ्या सोयीने. ते एका कस्टम बटणावर लावून टाका म्हणजे अंगठा आपोआप तिथे जातो, समोरच्याचा डोळा त्यात मोठा करून बघायचा, पापण्या सुट्या दिसल्या की दाबायचं. आणि स्क्रीनवर बघून हात लांब धरून काढू नका, व्ह्यूफाइंडर डोळ्याला टेकवा, कोपरं छातीला.

सराव सांगतो, मी असाच शिकलो. पडवीच्या कठड्यावर पाच नारळ वीतभर अंतराने तिरके मांडा, शेंडीसकट. ॲपर्चरची रिंग एफ २ वर, म्हणजे लेन्स पूर्ण उघडी. साधारण एक मीटरवरून तिसऱ्या नारळाच्या शेंडीवर फोकस करा. या अंतरावर एफ २ ला तुमच्याकडे जेमतेम ३ सेंटीमीटर धारदार पट्टा असतो, म्हणजे शेंडीचा पुढचा काथ्या स्पष्ट आणि नारळाचा डोळा मऊ अशी गत. रोज वीस फोटो, मग कॉम्प्युटरवर बघायचं की आपण पुढे चुकतो का मागे. मी कायम पुढे चुकायचो कारण फोकसची रिंग फिरवताना नेमक्या जागेच्या आधीच थांबायचो. आता मुद्दाम पलीकडे जातो आणि परत येतो, मग मध्ये कुठे होतं ते डोळ्याला कळतं. जवळच्या वस्तूला तर रिंग सोडूनच द्या, अंतर लावून ठेवा आणि स्वतः कमरेतून हळू पुढे-मागे झुका.

तेच एफ ५.६ ला करून बघा, पट्टा जवळजवळ तिप्पट होतो. पहिले पंधरा दिवस बाहेर ५.६ वरच काढा, उगाच उघड्या लेन्सवर हौस नको.

एक राहिलं. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विश्वास ठेवू नका. पेंटॅक्सच्या माउंटला लेन्सपासून सेन्सर ४५.४६ मिलिमीटर लागतो, सोनीला १८, मधला २७ आणि थोडा फरक ॲडॉप्टरने भरून काढायचा असतो. स्वस्त ॲडॉप्टर मुद्दाम केसभर पातळ करतात, म्हणजे लांबचं हमखास दिसावं, त्यामुळे रिंग टोकापर्यंत नेली की फोकस अनंताच्याही पलीकडे जातो आणि सगळंच मऊ. रात्री किनाऱ्यावर जाऊन लांबच्या ट्रॉलरच्या दिव्यावर मॅग्निफायर लावा, दिवा सर्वात लहान टिंबासारखा झाला की तिथे रिंगवर पांढऱ्या रंगाची बारीक खूण करा. मी आमच्या भगवती किल्ल्याच्या दीपगृहावर केलं होतं.

वेंगुर्ल्याची_लाट
सरावाचं वरती छान सांगितलंय, पण दादा त्याआधी ती लेन्स टॉर्चसमोर धरलीत का? माळ्यावरची पत्र्याची पेटी, तीही आपल्याकडचे इतके पावसाळे काढलेली, म्हणून विचारते. ॲपर्चर पूर्ण उघडा, मोबाइलचा टॉर्च मागून तिरका मारा आणि पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर बुरशी, सगळीकडे दुधी थर दिसला तर धूसरपणा. धुळीचे चार कण असतील तर सोडून द्या, फोटोत काही येत नाहीत. थोडीशी बुरशी कडेला असेल तरी फोटो येतो, फक्त समोरून उजेड आला की कॉन्ट्रास्ट पडतो. पण ती वाढत जाते आणि काचेवरचं कोटिंग खाते, मग साफ करूनही डाग राहतो. माझी एक १३५ एमएमची लेन्स अशीच गेली. ऑनलाइन घेतली होती, विकणाऱ्याने फोटो समोरूनच टाकलेले, घरी आल्यावर टॉर्च मारला तर आत पांढरं जाळं. तेव्हापासून मागून टॉर्च मारलेला फोटो पाठवल्याशिवाय एक रुपया देत नाही.

ठेवायचं कसं: रबरी रिंगचा घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की बदला किंवा तापवून परत वापरा, फक्त निळं जेल स्वयंपाकाच्या कढईत तापवू नका, त्यात कोबाल्ट असतं. तांदळात ठेवा म्हणणारे भेटतील, ऐकू नका, पीठ आत जातं. मामांचं चामड्याचं केस असेल तर ते आठवण म्हणून वेगळं ठेवा, लेन्स त्यात अजिबात नको, चामडं ओल धरून ठेवतं आणि बुरशीचं घर तेच. किनाऱ्यावरून आलात की आधी ब्लोअर, मग कापड. वाळूचा एक कण कापडाखाली राहिला की ओरखडा पडलाच. पुढे ४९ एमएमचा साधा यूव्ही फिल्टर लावा, खारं त्याच्यावर बसू दे.

चिपळूणचा_पूल
धाग्यात मध्येच घुसतोय. माझ्याकडे निकॉन डी ५३०० आहे, मला ही पेंटॅक्स किंवा रशियन हेलिओस लावता येईल का?

मिऱ्या_किनारा
लागेल पण लांबचं दिसणार नाही. निकॉनचं स्वतःचं अंतर ४६.५, पेंटॅक्स आणि एम ४२ (हेलिओसचा स्क्रूवाला माउंट) दोघांचं ४५.४६, म्हणजे ॲडॉप्टरला जागाच उरत नाही. काच असलेला ॲडॉप्टर मिळतो पण ती काच चित्राची वाट लावते. तुम्ही निकॉनचीच जुनी मॅन्युअल लेन्स शोधा, डी ५३०० वर बसेल, फक्त मीटर चालणार नाही, एम मोडवर दोन फोटो काढायचे आणि हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) बघून सावरायचं. तुमच्या बॉडीला १९७७ च्या आधीच्या लेन्सही चालतात, पण तीच लेन्स डी ७००० वाल्या मित्राला लावायला देऊ नका, कडा घासून त्याची बॉडी बिघडू शकते. मुंबईला जाणं झालं तर फोर्टात बोरा बाजारात एक चक्कर मारा, हातात घेऊन, रिंग फिरवून, टॉर्च मारून घेता येतं.

कणकवली_क्लिक
मी लग्नाची कामं करतो. माझं मत थोडं वेगळं, पैसे घेतलेल्या कामाला मॅन्युअल लेन्स नको, अक्षता एकदाच पडतात आणि यजमानाला लेन्सची गोष्ट सांगून भागत नाही. पण दशावताराला मात्र हीच लेन्स न्या असं मनापासून सांगेन, आणि त्याला कारण आहे.

दशावतारात रंगमंचावर मांडणी काय असते? एक बाकडं. राजा त्यावरच बसतो, राणी तिथेच, युद्धाआधीची बोलणी तिथेच. म्हणजे माणूस कुठे येणार हे तुम्हाला आधीच माहीत आहे. समोर जमिनीवर चार मीटरवर बसा, गणपतीचं चालू असतानाच बाकड्याच्या पुढच्या कडेवर मॅग्निफायर लावून फोकस धरा, आणि मग रिंगला हात लावू नका. चार मीटरवर एफ २.८ ला जवळजवळ ७० सेंटीमीटरचा पट्टा मिळतो, बसलेला माणूस त्यात मावतो. आयएसओ ३२००, शटर १/१२५ च्या आसपास, पुढचं मंडळींच्या दिव्यांवर. संकासुर (दशावतारातला नाचणारा राक्षस) आला की तो बाकड्यावर थोडाच बसणार, त्याच्यामागे फोकस फिरवत धावू नका, तो नाचता नाचता त्या पट्ट्यात परत येतोच, मृदंगाची थाप ऐका, थापेवर तो क्षणभर थबकतो, तेव्हा दाबा. मी ऑटोफोकसवर काढायचो तेव्हा काळोखात मोटर पुढे-मागे शोधत बसायची आणि नेमकी ती थाप निघून जायची.

कातळावरचा
मंडळी, कसे आभार मानू. सेटिंग सापडलं, शटर पडतं. टॉर्च मारला, मागच्या काचेच्या कडेला दोन-तीन धागे आहेत, मधलं स्वच्छ. डबा आणि जेल आणलं, काटा पहिल्या दिवशी ७८ दाखवत होता, आज ४८.

नारळ नऊ दिवस झाले. पहिल्या दिवशी वीसात तीन, काल वीसात तेरा. मीपण पुढेच चुकत होतो. काल आई मागच्या दारी विळीवर खोबरं खवत होती, तेव्हा रिंग ठेवून नुसता पुढे झुकलो आणि एक फोटो असा आलाय की खवणीच्या दातांवर चिकटलेला खोबऱ्याचा एकेक कीस मोजता येतो आणि त्यामागे आईचा हात हळूच विरघळत जातो. किट लेन्सवर असं मला कधीच मिळालं नव्हतं. मामीला दाखवला, ती बराच वेळ बघत बसली.

एक शेवटचं विचारतो. देवळामागे कलाकार रंगायला बसतात, हातात छोटा आरसा धरून. मला आरशातला चेहरा हवाय. फोकस आरशावर धरायचा ना?

कणकवली_क्लिक
नाही, इथेच सगळे चुकतात. आरशावर धरलात तर आरशाची चौकट आणि त्यावरचे बोटांचे ठसे धारदार येतील आणि चेहरा मऊ. प्रतिबिंब आरशाच्या मागे असतं असं धरायचं: तुमच्यापासून आरसा दीड मीटर आणि आरशापासून चेहरा अर्धा मीटर, तर फोकस दोन मीटरवर. मॅग्निफायरमध्ये आरशातली भुवई बघा, चौकट विसरून जा. आणि आधी त्यांना विचारून बसा, रंगताना ते कोणाशी बोलत नाहीत, आपणही बोलायचं नाही. जत्रा कुठली ते कळवा, मीपण येतो.