मदत हवी आहे: न खेळणाऱ्यांकडून खेळाच्या कल्पना कशा मिळवाव्यात?

नमस्कार मंडळी,

आम्ही सात-आठ जण मिळून वस्तीपातळीवर खेळाची मोहीम सुरू करतोय. आपणच काहीतरी ठरवून लोकांच्या गळ्यात मारण्यापेक्षा त्यांनाच विचारावं, म्हणून मैदानाच्या फाटकाशी एक पेटी ठेवली. शेजारी कोऱ्या चिठ्ठ्या आणि दोरीला बांधलेलं पेन. पंधरा दिवसांनी पेटी उघडली, तर जवळपास सगळ्यांचं मागणं एकच: स्पर्धा भरवा, चषक ठेवा.

स्पर्धेला माझा विरोध नाही. पण १६ संघांची बाद पद्धत लावली की पहिल्याच फेरीत ८ संघ घरी जातात. म्हणजे ज्यांना सरावाची सर्वांत जास्त गरज, त्यांच्याच वाट्याला सर्वांत कमी खेळ! नॉर्वेत लहान मुलांच्या स्पर्धा होतात, पण ११ वर्षांखालच्यांचे गुणतक्ते आणि क्रमवारी लावत नाहीत. मला हे फार पटतं.

एक चिठ्ठी मात्र वेगळी निघाली. चार घड्या घातलेली, बारीक अक्षर: 'खेळायचंय, पण सगळे बघत बसतात.' खाली नाव नाही.

ती वाचली आणि लक्षात आलं की आमची पेटीच चुकीच्या जागी होती. फाटकापर्यंत येतात ते आधीच खेळणारे. जे येतच नाहीत, ते चिठ्ठी कुठून टाकणार? आणि अशांची संख्या थोडीथोडकी नाही. मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं तरी अंगमेहनतीची हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१६ पर्यंतच्या जागतिक आकडेवारीत ११ ते १७ वयोगटातल्या ८१ टक्के मुलामुलींची तेवढी होत नव्हती. मुलींचं प्रमाण तर ८५ टक्के.

इंग्लंडमध्ये २०१५ साली मुली-बायकांना खेळाकडे वळवण्यासाठी सुरू झालेली 'धिस गर्ल कॅन' मोहीम 'लोक काय म्हणतील' या भीतीलाच हात घालून उभी राहिली. दुसरं उदाहरण 'पार्करन' या बागेत एकत्र धावण्याच्या उपक्रमाचं. २००४ साली लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ जण धावले, तिथून सुरुवात. आता कित्येक देशांत दर शनिवारी ५ किलोमीटर, फुकट, स्वयंसेवकांच्या बळावर. चालत गेलात तरी चालतं. दर आठवड्याला ठरलेली वेळ आणि मागे राहण्याची लाज नाही, मला यातलं हेच महत्त्वाचं वाटतं.

तुमच्यापैकी कुणी असं काम केलं असेल तर सांगा: सूचना मागवायला कुठे जावं? शाळेत, दवाखान्यात, की घरोघरी? आणि प्रश्न कसा विचारावा? 'कोणता खेळ हवा?' याऐवजी 'खेळायला येताना काय आडवं येतं?' असं विचारलं तर जास्त मोकळी उत्तरं मिळतील का? बघ्यांची गर्दी टाळून, तरी मुलींना सुरक्षित वाटेल अशी वेळ आणि जागा कुणी जमवली असेल, तर तेही तपशिलात लिहा.

आणि ती चिठ्ठी जिने किंवा ज्याने लिहिली, त्या व्यक्तीपर्यंत नाव न विचारता कसं पोहोचू?