मदत हवी आहे : नायगावच्या बीडीडी चाळीचा जुना इतिहास

नमस्कार मंडळी. आमची नायगावची बीडीडी चाळ आता पुनर्विकासात जाणार. पणजोबा कोकणातून गिरणीत आले ते इथेच, १६० चौरस फुटांच्या खोलीत. आमच्या चार पिढ्या त्याच खोलीत वाढल्या, त्यामुळे इमारत पडण्याआधी तिची नीट नोंद करून ठेवायची आहे.

ढोबळ माहिती आहे. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट (म्हणजेच बीडीडी) सुरू झाले. त्यातून वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ इमारती उभ्या राहिल्या. तळमजला अधिक तीन मजले, एका मजल्यावर वीस खोल्या, नळ-संडास सामाईक. पण नेमकी आमची इमारत कोणत्या वर्षी पूर्ण झाली आणि पहिले भाडेकरू कोण होते, हे कुठेच सापडत नाही.

काळा घोड्याच्या पुराभिलेखागारात या खात्याचे मूळ नकाशे किंवा भाडेकरूंची नोंदवही कुणी पाहिली आहे का? तिथे अर्ज कसा करायचा, कोणत्या विभागाची फाईल मागायची? सार्वजनिक बांधकाम खात्याकडे जुन्या भाडेपावत्यांच्या नोंदी मिळतात का?

आणखी एक. सत्याग्रहाच्या काळात वरळीच्या चाळींत कैदी ठेवले होते, असे आजी सांगायची. नायगावातही तसे झाले होते का? कुणाच्या घरी जुने फोटो, पावत्या असतील तर कृपया कळवा. जपून स्कॅन करून लगेच परत आणून देईन.