सौंदत्तीच्या येल्लम्माची कथा अभ्यासायची तर कन्नड आलंच पाहिजे का?

मलप्रभाकाठ
भाचीला एम.ए.ला लघुप्रबंध करायचाय, विषय घेतलाय सीमाभागातल्या मध्ययुगीन दैवतकथा. मुलगी मूळची खानापूरची. महिनाभर एकच पालुपद चाललंय, "मामा, साधनंच मिळत नाहीत." यादी मागितली तर ज्ञानेश्वरी, लीळाचरित्र, महिपतींचा भक्तविजय आणि रा. चिं. ढेऱ्यांचं 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय'. यादी उत्तम आहे, पण पुण्यात बसून करावी तशी आहे. खानापूरच्या मुलीच्या यादीत हलशी नाही, देगाव नाही, सौंदत्ती नाही!

माझं मत सरळ मांडतो. साधनांचा दुष्काळ नाही. निम्मी साधनं कन्नडात आहेत आणि आपण तिकडे पाठ फिरवून बसलोय. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, घ्या. १२०४ साली रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या बिचिराज नावाच्या अधिकाऱ्याने बांधली. हे रट्ट मूळ सौंदत्तीचे, मग वेणुग्रामी म्हणजे बेळगावात आले. त्यांचे लेख कन्नडात. कोल्हापूरच्या शिलाहारांचेसुद्धा कित्येक लेख कन्नडात. ज्ञानोबांनी विठ्ठलाला 'कानडा' आणि 'करनाटकु' म्हटलं, ते आपण डोळे मिटून गातो, आणि कन्नड पुस्तकाचं पान उघडायची वेळ आली की घड्याळ बघतो. या मातीतल्या कथांवर काम करणाऱ्या प्रत्येक मराठी विद्यार्थ्याने आधी कन्नड वाचायला शिकावं. झोडपा आता.

शहापूरकर
झोडपतोच. काय सांगूलालाय तुम्ही? अर्ज कन्नडात, सातबारा कन्नडात, दुकानाच्या पाटीवरून भांडणं, आणि आता अभ्याससुद्धा आधी कन्नडातून? मुलीच्या हातात किती वेळ आहे ते तरी विचारा.

बरं, मराठीत जे आहे ते तरी कुणी संपवलंय? मन्मथस्वामींचं परमरहस्य वाचलेला एक विद्यार्थी दाखवा. निजगुण शिवयोग्यांची विवेकचिंतामणी शांतलिंगांनी मराठीत आणली, म्हणजे कन्नड वीरशैव विचार मराठीत केव्हाच येऊन बसलाय. कोरीव लेख हवेत तर शं. गो. तुळपुळ्यांचं 'प्राचीन मराठी कोरीव लेख' १९६३ पासून छापलेलं आहे. येल्लम्मा म्हणजे रेणुकाच मानतात, तिची कथा हवी तर सह्याद्रिखंड आहे, गर्सन द कुन्हांनी १८७७ साली मुंबईत छापलं. संस्कृत आहे, आणि संस्कृत वाचून देणारा गुरुजी गल्लीत मिळतो. आधी हे संपवा, मग शेजाऱ्याच्या घरात डोकवा.

मलप्रभाकाठ
परमरहस्याचं मान्य. ते यादीत घालायला सांगतो, आणि तुळपुळेही.

पण सह्याद्रिखंडातली रेणुका म्हणजे सौंदत्तीची येल्लम्मा नव्हे. पोथीत जमदग्नीचा कोप, परशुरामाचा परशू, मग वर मागून आईला उठवणं, असा सगळा सोवळ्यातला कारभार. डोंगरावर जी कथा सांगतात तिच्यात मातंगी येते, शिराची आणि धडाची अदलाबदल येते, ज्यांना देवळाच्या आत घेत नसत त्यांची देवी होते. कथेचा जीव तिथे आहे. तो द कुन्हांच्या प्रतीत कुठून सापडणार?

अथणीची लेक
तुम्ही दोघेही पुस्तकांवरूनच भांडताय. आमच्या बाजूला या. मंगसुळीला खंडोबा, चिंचलीला मायाक्का, दोन्हीकडे धनगरांच्या ओव्या रात्ररात्र चालतात. गुंथर सोन्थायमर जर्मनीहून येऊन धनगरांमध्ये बसले, ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबावर पुस्तक लिहिलं. आम्ही इथलेच, आणि आम्ही साधनं कुठे म्हणून विचारतो.

पौर्णिमेच्या जत्रेला सौंदत्तीच्या डोंगरावर मी एका म्हाताऱ्या जोगतिणीची गाणी फोनवर घेतली. डोक्यावरचा जग, म्हणजे देवीची टोपली, उतरवून शेजारी ठेवलेला, काखेत चौंडकं हे तंतुवाद्य. एका कडव्यात पहिली ओळ मराठी, दुसरी कन्नड, तिसरीत दोन्ही, आणि म्हणताना तिला त्यात काही वेगळं वाटतच नव्हतं. घरी येऊन ऐकते तर आवाज दबका, कारण फोनच्या जाळीत भंडारा बसलेला. सुईने काढावा लागला. पुढच्या वेळी कुणी जाणार असेल तर फोन पातळ रुमालात गुंडाळून न्या.

आणखी एक. या बायकांकडे "गाणं म्हणा की" असं म्हणत जाऊ नका. मुली देवीला सोडण्यावर कर्नाटकात १९८२ साली बंदीचा कायदा झाला. गाणाऱ्यांपैकी अनेकींचं आयुष्य त्या प्रथेत गेलंय. नाव छापायचं की नाही ते विचारायचं, गाण्याचे पैसे द्यायचे, आणि ती "आज नको" म्हणाली तर उठायचं. लघुप्रबंधापेक्षा हे मोठं.

बखरवाला
अथणीच्या ताई, रुमालाची युक्ती भारी. पण आज फोनवर घेतलेलं गाणं मध्ययुगीन कशावरून? त्यात नव्वदीतल्या कॅसेटची चालसुद्धा असेल. मौखिक परंपरा कुठल्या शतकातली ते गाणाऱ्यालाही ठाऊक नसतं. म्हणून आधी काळाला जवळचा लेखी पुरावा घ्यायचा आणि मग लोककथा त्याच्या शेजारी मांडायची.

बैलहोंगल तालुक्यातल्या बेलवडीचं उदाहरण देतो. दक्षिण मोहिमेवरून परतताना मराठ्यांच्या फौजेला तिथल्या गढीने अडवलं. फेब्रुवारी १६७८ मध्ये राजापूरच्या इंग्रजांनी पत्रात लिहिलं की इतकी राज्यं जिंकणाऱ्या शिवाजीला एक देसाईण बाई आवरत नाही. कृष्णाजी अनंत सभासदाने वीसेक वर्षांनी जिंजीत बसून बखर लिहिली, तिच्यात या बाईचं नाव सावित्री. कन्नड परंपरेत तीच बेलवडी मल्लम्मा, आणि तिथे शिवराय तिला बहीण मानतात, तिचा मान करतात. धारवाडजवळ यादवाडला शिल्प आहे, त्यात शिवराय मांडीवर मूल घेऊन बसलेले दाखवलेत असं मानतात. इंग्रजी पत्र, मराठी बखर, शिल्प आणि कन्नड कथा. आता यातलं आख्यायिका कुठलं आणि वृत्तांत कुठला, हे काळाचा क्रम लावल्याशिवाय कसं ठरवणार? नुसतं कानाला गोड लागलं म्हणून जुनं होत नाही.

मलप्रभाकाठ
बखरवाले, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. नुसतं मराठी वाचणाऱ्याच्या हाती सावित्री लागते, मल्लम्मा हुकते.

शहापूरकर
हुकत नाही हो. शेजारी कन्नड माणूस आहे की. चहा पाजायचा, वाचून घ्यायचं. बेळगावात असं कुठलं घर आहे ज्याच्या भिंतीपलीकडे कन्नड बोलत नाहीत?

मलप्रभाकाठ
रट्टांचा लेख शेजाऱ्यापुढे ठेवून बघा. हळेगन्नड आहे ते, म्हणजे जुनं कन्नड. आपल्याला लीळाचरित्र वाचताना जसं दर ओळीला अडखळायला होतं, तसंच त्याचं होणार.

शहापूरकर
सापडलात! कन्नड शेजाऱ्याला जे कळत नाही ते तुमच्या भाचीला तीस दिवसांत कन्नड शिकून कळणार होय? मग शिकायचं कशाला? शिलालेख संशोधकाने वाचलेलाच घ्या, इंग्रजी भाषांतरासकट. किल्ल्यातले कार्तवीर्याचे दोन लेख तर आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. बार्नेटने ते 'एपिग्राफिया इंडिका'त छापलेत, खाली इंग्रजी आहे. झालं काम.

मलप्रभाकाठ
मुद्दा बिनतोड आहे, पण अर्धाच. हळेगन्नड समजावं म्हणून मी म्हणतच नाही. लिपी आली की कन्नड ग्रंथाची अनुक्रमणिका वाचता येते, सूचीत 'रेणुका' आणि 'एल्लम्मा' शोधता येतं, कुठलं पान शेजाऱ्यापुढे ठेवायचं ते कळतं. आज ती मुलगी ग्रंथालयात कन्नड कपाटापुढे उभी राहते आणि कुठलं पुस्तक काढायचं तेच कळत नाही म्हणून परत येते. आणि सगळंच कन्नड हळेगन्नड नाही. बाराव्या शतकातली बसवण्णा वगैरे शरणांची वचनं त्या काळच्या राजदरबारी काव्यापेक्षा पुष्कळ सोपी आहेत. फ. गु. हळकट्टींनी ताडपत्रं गोळा करून १९२३ साली 'वचनशास्त्रसार' काढलं म्हणून आज ती घराघरांत आहेत. तसा माणूस येल्लम्माच्या गाण्यांना भेटला असता तर हा धागाच निघाला नसता.

टिळकवाडीचा निवृत्त ग्रंथपाल
बराच वेळ वाचतोय. भाषेचं भांडण तुमचं चालू द्या, मी साधनांचं बोलतो, कारण मूळ तक्रार ती होती.

कोश आधी. तुळपुळे आणि अॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश १९९९चा. अर्थ इंग्रजीत आहेत, पण लीळाचरित्राला त्याच्याशिवाय हात घालू नये. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल ग्रंथालयात तो फुकट बघता येतो. मोल्सवर्थची १८५७ची आवृत्ती आणि दात्यांचा महाराष्ट्र शब्दकोशही तिथेच.

स्कॅन केलेली जुनी पुस्तकं इंटरनेट अर्काइव्हवर ढिगाने आहेत, पण नावं रोमन लिपीत आणि कशीही लिहिलेली. 'भक्तविजय'चं स्पेलिंग चार तऱ्हांनी टाकून बघा. 'अज्ञात' लेखकाच्या नावावरही ग्रंथ सापडतात. उतरवून घेण्याआधी शेवटची पानं उघडून बघा, सूची आणि शुद्धिपत्र गळालेलं असतं, आणि अभ्यासकाला नेमकं तेच हवं असतं. मुखपृष्ठाच्या आतलं पान जपून ठेवा. संपादक कोण, आवृत्ती कितवी हे न लिहिता 'लीळाचरित्र' एवढाच संदर्भ दिला तर परीक्षक तिथेच धरतो. वि. भि. कोलत्यांचा पाठ आणि तुळपुळ्यांचा पाठ एक नाही.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बेळगाव खंड १८८४चा. जत्रा, देवळं, स्थलकथा यांसाठी उपयोगी. मात्र जातींविषयीची त्यातली वाक्यं उचलून प्रबंधात घालू नयेत, साहेबाने कारकुनाकडून ऐकून लिहिलेली आहेत.

मोडी शिकावी का, असंही मुलं विचारतात. दफ्तरं वाचायची असतील तर जरूर. पण संतांच्या आणि आख्यानांच्या पोथ्या बहुतेक बाळबोधात म्हणजे देवनागरीत असतात, आणि महानुभावांच्या सकळा लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत. दैवतकथांसाठी मोडीवर वर्ष घालवू नये.

कन्नड हस्तलिखितांसाठी धारवाडला कन्नड संशोधन संस्था आहे, बेळगावातून सकाळी जाऊन संध्याकाळी परत. आणि मुलीला सांगा, विषय आवळ. 'सीमाभागातल्या दैवतकथा' हा दोन पीएच.डीं.चा माल आहे. रेणुकेची एक कथा, तिचा सह्याद्रिखंडातला पाठ आणि डोंगरावर गायला जाणारा पाठ, बस्स.

बखरवाला
हे पटलं. गाण्याच्या पाठाला काळ चिकटवू नका, 'आज ऐकलेला' असंच लिहा, म्हणजे माझी तक्रार संपली.

अथणीची लेक
माझी नाही संपली. सह्याद्रिखंड पहिल्या प्रकरणात आणि जोगतीण परिशिष्टात, असं करू नका म्हणजे झालं. दोघींना सारखी पानं द्या.

मलप्रभाकाठ
भाचीला सगळा धागा पाठवला. विषय आवळायला तयार आहे. आता विचारतेय, जत्रेला सोबत कोण, आणि कन्नड ओळी तिथल्या तिथे कोण सांगणार?

शहापूरकर
गाडी मी काढतो. माझी बायको हुबळीची आहे, तीही येईल. पण मी कन्नड शिकणार नाही म्हणजे नाही.