रक्तवाहिनीला फाटा फोडणारे प्रथिन पेशी बनवता बनवताच का मोडते?

प्रश्न (एम.एस्सी. प्राणिशास्त्र, परभणी)

ऊतीला प्राणवायू कमी पडला की तिथल्या पेशी व्हीईजीएफ हे प्रथिन बाहेर सोडतात आणि त्या संकेताने जवळच्या रक्तवाहिनीला नवे फाटे फुटतात, इथपर्यंत मला समजले आहे. मात्र व्हीईजीएफच्या जनुकाला चालना देणारे हिफ-१ अल्फा हे प्रथिन पेशी प्राणवायू भरपूर असतानाही बनवत राहते आणि काही मिनिटांतच मोडून टाकते, असे वाचले. मग ही ऊर्जेची नासाडी नव्हे का? गरज पडेल तेव्हाच ते बनवले असते तर काय बिघडले असते?

उत्तर १ (निवृत्त प्राध्यापक, छत्रपती संभाजीनगर)

आपण जिला नासाडी म्हणता ती वेगासाठी मोजलेली किंमत आहे. जनुकापासून सुरुवात करून नवे प्रथिन पुरेशा प्रमाणात साठायला वेळ लागतो. पण जे बनतच आहे त्याचे मोडणे थांबवले, तर साठा लगेच वाढू लागतो. हिफ-१ अल्फाचे अर्धायुष्य (निम्मे प्रथिन मोडायला लागणारा वेळ) प्राणवायू असताना पाच मिनिटांच्या आसपास असते, म्हणजे पेशी जणू दार उघडण्याच्या तयारीतच उभी असते.

यातला खरा बारकावा मोडण्याच्या पद्धतीत आहे. पीएचडी नावाची विकरे या प्रथिनातील ४०२ आणि ५६४ क्रमांकांच्या प्रोलिनांवर (प्रोलिन हे प्रथिनाचा घटक असलेले एक अमिनो आम्ल) हायड्रॉक्सिल गट बसवतात आणि त्यासाठी त्यांना प्राणवायूचा रेणूच कच्चा माल म्हणून लागतो. ती खूण दिसली की व्हीएचएल हे प्रथिन हिफला पकडते, त्याला युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची साखळी ‘मोडा’ अशी खूण म्हणून जोडली जाते आणि प्रोटिएसोम हे पेशीतले प्रथिने मोडणारे यंत्र त्याचे तुकडे करते. प्राणवायू घटला की खूण बसत नाही, हिफ वाचते, केंद्रकात जाऊन आपल्या जोडीदार प्रथिनाशी जुळते आणि व्हीईजीएफचे जनुक चालू होते. प्राणवायू मोजणारे वेगळे यंत्र पेशीला लागतच नाही. या शोधासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल मिळाले. युबिक्विटिनच्या मार्गासाठीचे नोबेल त्याआधीच, २००४ मध्ये दिले गेले होते.

उत्तर २ (संशोधक विद्यार्थी, नांदेड)

सरांनी संकेत पाठवणारी बाजू सांगितली. संकेत घेणाऱ्या बाजूलाही मोडतोड तितकीच आहे. व्हीईजीएफ चिकटलेला ग्राही (संकेत पकडणारे पृष्ठभागावरचे प्रथिन) पेशी आत ओढून घेते आणि त्यातले काही ग्राही पृष्ठभागावर परत पाठवून बाकीचे लायसोसोम या पाचक पिशवीत मोडते, त्यामुळे संकेत अमर्याद चालत नाही.

शिवाय वाहिनीतल्या सगळ्याच पेशी एकदम पुढे सरसावल्या तर नळी बनणारच नाही. जिला व्हीईजीएफचा संकेत अधिक मिळतो ती शेंड्याची पेशी डीएलएल४ हे प्रथिन वाढवते आणि शेजारणींमधील नॉच हा ग्राही जागा करून त्यांना मागे ठेवते. आपल्याकडे हरभऱ्याचे शेंडे खुडले की बाजूच्या फांद्या फुटतात, तसेच काहीसे इथे होते: हा दाब काढला की फाटेच फाटे फुटतात. नॉचचा केंद्रकात गेलेला तुकडाही पुढे एफबीडब्ल्यू७ या प्रथिनाच्या मदतीने प्रोटिएसोमकडेच जातो.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

धन्यवाद. मग अर्बुदात (कर्करोगाच्या गाठीत) डीएलएल४ रोखले तर वाहिन्या वाढून अर्बुद अधिकच फोफावेल ना?

उत्तर २ चे पुढील

हरभऱ्याची उपमा इथे तुटते. खुडलेल्या हरभऱ्याला घाटे अधिक लागतात; पण उंदरांवरील प्रयोगांत डीएलएल४ रोखल्यावर अर्बुदातील वाहिन्या संख्येने वाढल्या, तरी त्यांतून रक्त नीट वाहत नव्हते आणि अर्बुदाची वाढ उलट मंदावली.

उत्तर ३ (नेत्रवैद्य, लातूर)

माझ्या कामात हा मार्ग रोज दिसतो. मधुमेहात दृष्टिपटलातील केशवाहिन्या बंद पडतात, उपाशी ऊती व्हीईजीएफ सोडतात आणि त्यातून निघालेल्या नाजूक वाहिन्या फुटून डोळ्यात रक्त उतरते. व्हीईजीएफला पकडून ठेवणारे औषध आम्ही डोळ्यात टोचतो. परंतु संकेताचे मूळ तसेच राहत असल्याने ‘एकदाच टोचून भागणार नाही का?’ या रुग्णांच्या प्रश्नाला बहुतेक वेळा ‘नाही’ असेच उत्तर द्यावे लागते. व्हीएचएलच्या जनुकातच आनुवंशिक दोष असलेल्यांमध्ये तर प्राणवायू भरपूर असूनही हिफ मोडत नाही, आणि म्हणून त्यांच्या दृष्टिपटलात व लहान मेंदूत रक्तवाहिन्यांच्या गाठी तयार होतात.