फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) आयर्न घ्यावेत की कास्ट (ओतीव)? हँडिकॅप २१, बजेट लाखाच्या आत

सिंहगडरोडकर

नमस्कार मंडळी. गोल्फ सुरू करून दोन वर्षं झाली, ऑफिसमधल्या एका सरांनी सहज म्हणून रेंजवर (सरावाच्या मैदानावर) नेलं आणि मग सुटलंच नाही. आत्तापर्यंत मेव्हण्याचा जुना सेट वापरतोय, आता आयर्नचा (लोखंडी हेडच्या क्लबांचा) स्वतःचा सेट घ्यायचाय. हँडिकॅप २१ (हा आकडा जितका कमी तितका खेळ चांगला). सात नंबरचा आयर्न नीट बसला तर १३५-१४० यार्ड जातो, पण दहातले चारच नीट बसतात, बाकी एकतर टोकाला लागतात नाहीतर आधी जमिनीला लागून मग बॉलला.

समोर दोन पर्याय आहेत. एक म्हणजे क्लबातले एक मेंबर त्यांचा फोर्ज्ड ब्लेडचा सेट विकतायत, चार नंबर ते पिचिंग वेज (जवळच्या फटक्यांचा क्लब), ६० हजार म्हणतायत. दिसायला इतका सुंदर की काय सांगू, वरची कड एकदम बारीक. त्यांनी दहा बॉल मारू दिले. त्यातले दोन असे गेले की हाताला काही लागलंच नाही, बॉल आपला गेला. उरलेल्या आठांना मात्र बोटांना झिणझिण्या आल्या. दुसरा पर्याय नवा कास्ट कॅव्हिटी बॅक सेट, ८५ च्या आसपास. तो मारायला सोपा वाटला पण आवाज जरा टणटणीत, आणि रेंजवर जो तो सांगतो की कास्ट कडक असतं, फोर्ज्डचं लोखंड मऊ असतं म्हणून फील येतो, एकदाच घ्यायचंय तर फोर्ज्डच घे. उंची सहा फूट आहे, त्याचा काही संबंध असेल तर तेही सांगा. माझं मन त्या दोन बॉलांवरच अडकून बसलंय हे आधीच कबूल करतो.

चेंबूरचा_जुना_मेंबर

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. दोन बॉल छान गेले आणि आठांना झिणझिण्या आल्या. मैदानावर तुम्ही ते आठ बॉल खेळणार आहात, ते दोन नव्हे.

इथे दोन गोष्टींची सरमिसळ होतेय. क्लब कसा बनवला ही एक, त्याचा आकार काय ही दुसरी. ब्लेडमध्ये सगळं वजन बॉल लागतो त्याच्या मागे एकवटलेलं असतं, त्यामुळे मधोमध लागला तर स्वर्ग आणि अर्धा इंच टोकाकडे लागला की हेड हातात फिरतं, झिणझिण्या त्याच्याच. कॅव्हिटी बॅकमध्ये मागचा मधला भाग पोकळ करून ते वजन कडेला, टोकाला आणि खाली नेलेलं असतं, म्हणून हेड कमी फिरतं आणि चुकलेला बॉलही बऱ्यापैकी सरळ आणि बऱ्यापैकी लांब जातो. हे असे खोलगट आकार ओतून काढणं सोपं, ठोकून काढणं अवघड, म्हणून पहिल्यापासून कॅव्हिटी म्हणजे कास्ट आणि ब्लेड म्हणजे फोर्ज्ड असं समीकरण लोकांच्या डोक्यात बसलं. पिंग कंपनीचा आय २ सेट आला १९८२ ला, कास्टच होता, आणि आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांचा गेम त्याने सुधारला, माझाही.

आणि कास्ट म्हणजे नवशिक्यांचं हे डोक्यातून काढा. व्हिक्टर होवलंड २०२३ ची टूर चॅम्पियनशिप (प्रो गोल्फपटूंची मोठी स्पर्धा) जिंकला तेव्हा त्याच्या बॅगेत पिंगचे आय२१० होते, ४३१ स्टेनलेसचे, कास्ट. त्याला जगातला कुठलाही सेट फुकट मिळाला असता. उलट टायगर वूड्स आयुष्यभर फोर्ज्ड ब्लेड खेळला. दोघांच्या लेव्हलला दोन्ही चालतं, आपल्या लेव्हलला आकार महत्त्वाचा.

ब्लेड घेऊ नका. फोर्ज्डच हवं असेल तर फोर्ज्ड कॅव्हिटी बॅक मिळतात, टायटलिस्ट टी१०० वगैरे, पण तोही २१ हँडिकॅपला लहानच पडेल.

शिरोली_फौंड्री

मी गोल्फ फार नाही खेळत, वर्षातून पाच-सहा राऊंड होतात, पण पोटापाण्याचा धंदा ओतकामाचा आहे, कोल्हापुरात, त्यामुळे कास्टला नावं ठेवलेली बघवत नाहीत, चार ओळी लिहितोच.

फोर्जिंग म्हणजे लोहाराचं काम, फक्त मोठ्या प्रेसवर. कार्बन स्टीलचा दांडा साधारण १२०० डिग्रीला लाल करायचा, डायमध्ये धरून ठोकायचा, कडेला बाहेर आलेलं जादा लोखंड कापायचं, परत ठोकायचा, मग घासून वजन जुळवायचं. गोल्फमध्ये बहुतेक १०२० किंवा १०२५ कार्बन स्टील असतं, जपानी लोक त्यालाच एस२०सी, एस२५सी म्हणतात. कास्ट हेड होतं इन्व्हेस्टमेंट कास्टिंगने. मेणाचं हेड बनवायचं, त्यावर सिरॅमिकचे थरावर थर द्यायचे, तापवून मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत १६०० डिग्रीच्या आसपासचं स्टील ओतायचं, गार झालं की कवच फोडायचं. पंचधातूच्या मूर्ती करणारे मेण घालवून ओततात तीच पद्धत हो, हजारो वर्षांची, आता मशीनवर.

आता तो मऊ-कडकचा मुद्दा, सगळा घोळ तिथंच आहे. मऊ स्टील आणि कडक स्टील यातला फरक असा की मऊ स्टीलवर खड्डा लवकर पडतो, ते वाकवलं की वाकून राहतं. पण खड्डा न पडेल इतपतच दाब आला तर दोन्ही जवळजवळ सारखंच दबतात, कारण स्टीलचा ताठपणा म्हणजे इलॅस्टिक मोड्युलस साधारण २०० गिगापास्कल असतो, कार्बन स्टील घ्या नाहीतर स्टेनलेस, थोडाफार इकडेतिकडे. गोल्फ बॉल तर स्टीलच्या मानाने रबरच, दबतो तो बॉल. बॉल आणि फेसचा (हेडच्या सपाट, बॉल लागतो त्या भागाचा) संबंध किती वेळ असतो? अर्धा मिलिसेकंद. म्हणजे मेंदूला काही कळायच्या आत बॉल निघून गेलेला असतो, मागाहून कळतो तो आवाज आणि थरथर. आणि ती ठरते हेडच्या आकारावर, फेसच्या मागे किती जाडी आहे त्यावर, आणि बॉल कुठं लागला त्यावर. पातळ फेस केला की टणटण आवाज येणारच, फोर्ज्ड असला तरी येणार. जाड ब्लेड कास्ट करून बघा, आवाज घट्टच येईल.

ग्रेन फ्लोचं (ठोकल्याने धातूचे कण एका दिशेने लागतात, म्हणून फोर्ज्ड भारी असं म्हणतात) म्हणाल तर क्रँकशाफ्टला, कनेक्टिंग रॉडला ते लाखमोलाचं आहे, कारण तिथे कोट्यवधी वेळा उलटसुलट भार येतो आणि पार्ट थकून तुटतो. आयर्नचं हेड असं थकून तुटलेलं निदान माझ्या तरी बघण्यात नाही.

एक उदाहरण देतो. टायटलिस्टचे व्होकी वेज टूरवर (प्रो खेळाडूंच्या स्पर्धांत) किती जण वापरतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. ते ८६२० कार्बन स्टीलचे, कास्ट. ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक गवताच्या) कडेला तर फीलवरच सगळं चालतं ना, मग तिथं कुणी कास्टची तक्रार केलेली ऐकली नाही.

कोबेहून

शिरोलीकर, तुमचं मटेरियलचं सगळं मान्य, पण फोर्ज्डवाल्यांना निव्वळ भ्रम झालाय असं वाचणाऱ्याला वाटायला नको म्हणून लिहितेय.

मी अकरा वर्षं जपानात आहे, कोबेपासून हिमेजी जवळ, आणि हिमेजीच्या उत्तरेला इचिकावा नावाचं छोटं गाव आहे. जपानमधल्या आयर्न हेडचा जन्म तिथला मानतात. मिउरा कंपनीही त्याच भागातली. मिझुनोची हेड्स हिरोशिमात फोर्ज होतात, एन्डो ही फोर्जिंगवाली कंपनी नीगाता प्रांतातल्या त्सुबामेची. इथे प्रत्येक हेड माणूस हातात घेऊन पट्ट्यावर घासतो, तळ कुठून किती गोल करायचा, पुढची कड किती मारायची हे त्याच्या बोटांना कळतं. फोर्ज्ड क्लबची खरी किंमत या हाताची आहे असं मला वाटतं. तळ नीट घासलेला असेल तर क्लब गवतातून ज्या तऱ्हेने बाहेर येतो ते माझ्या खेळात मला रोज जाणवतं, आणि ते मोजून दाखवता येत नाही म्हणून खोटं ठरत नाही. हेही खरं की मिझुनोवाले स्वतः हेडच्या आवाजावर वेगळं काम करतात, हल्लीच्या काही सेटना तर क्रोमखाली तांब्याचा पातळ थर असतो, म्हणजे नुसतं फोर्ज केलं की फील आला असं तेही धरून चालत नाहीत.

पण सिंहगडरोडकर, तुम्हाला सल्ला मात्र वरच्यासारखाच देईन. माझा हँडिकॅप ९ आहे आणि मीसुद्धा चार-पाच नंबरला ब्लेड खेळत नाही, तिथे हायब्रिड (वुड आणि आयर्नच्या मधले, मारायला सोपे क्लब) आहेत. आणि ‘फोर्ज्ड’ हा शब्द कोरलेला दिसला म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. टेलरमेडचा पी७९० फोर्ज्ड आहे पण आतून पोकळ आणि आत फोम भरलेला, तो मारायला ब्लेडसारखा अजिबात नाही, बॉल लांब फेकण्यासाठी केलेला आहे. तो वाईट आहे असं नाही, वेगळाच क्लब आहे.

येरवडा_रेंज

साहेब, मी लहानपणी बॅगा उचलल्या, आता शिकवतो आणि क्लब दुरुस्त करतो, लॉफ्ट-लायचं मशीन आहे माझ्याकडे (लॉफ्ट म्हणजे फेस किती मागे झुकलेला ते, लाय म्हणजे क्लबचा दांडा जमिनीशी करतो तो कोन). वर सगळ्यांनी लिहिलं ते बरोबर आहे पण कामाची गोष्ट राहून गेली. फोर्ज्ड आणि कास्टमध्ये गिऱ्हाइकाला खरा भेटणारा फरक एकच, वाकवणं. तुम्ही सहा फूट, तुम्हाला स्टँडर्ड लाय बहुतेक फ्लॅट पडणार, म्हणजे बॉलजवळ क्लबचं टोक खाली जाणार आणि चांगला मारलेला बॉल पण उजवीकडे निघणार. फोर्ज्ड असेल तर मशीनवर दोन डिग्री आरामात वाकतो. ४३१ स्टेनलेस पण वाकतं. १७-४ स्टेनलेस कडक, त्याला एखाद डिग्रीच्या वर जोर केला तर मान (हेड दांड्याला जोडलेलं असतं ती जागा) तडकायची भीती, म्हणून असा सेट घेताना ऑर्डर देतानाच लाय सांगून मागवायचा. पिंगवाले हे ठिपक्यांच्या रंगावरून देतात, काळा म्हणजे स्टँडर्ड.

पण जे सहज वाकतं ते आपोआप पण वाकतं. रोज मॅटवर शंभर-शंभर बॉल मारणाऱ्या मेंबरांचे फोर्ज्ड सेट माझ्याकडे येतात, कुठला एक डिग्री सरकलेला, कुठला दोन, आणि मग सात नंबर आणि आठ नंबर सारखेच का जातात म्हणून विचारतात. तो ६० हजारवाला सेट घेणारच असाल तर आधी मशीनवर लावून बघा. फेसवरच्या खाचा झिजल्यात का तेही बघा, आणि खरा आहे का तेसुद्धा, नकली क्लब बाजारात भरपूर फिरतात, नंबर कोरलेला पुसट असतो, सेटमधल्या दोन क्लबांचं वजन जुळत नाही.

आपल्याकडची जमीन पण धरा. उन्हाळ्यात गवताखाली मुरूम, एखादा दगड वर आलेला असतोच, फोर्ज्डला लगेच चरा पडतो. पावसाळ्यात क्रोम उडालेल्या जागी गंज धरतो, मुंबईच्या खाऱ्या हवेत तर विचारू नका. स्टेनलेसला ती कटकट नाही, पुसून ठेवलं की झालं.

आणि शाफ्ट, म्हणजे क्लबचा दांडा! कुणी शाफ्टचं बोललंच नाही. त्या मेंबरच्या सेटमध्ये डायनॅमिक गोल्ड एस३०० असेल तर तो १३० ग्रॅमचा. सात नंबर १४० जातो म्हणजे तुमचा स्विंग तितका फास्ट नाही, तुम्हाला ९५-१०० ग्रॅमचा रेग्युलर फ्लेक्स (मध्यम लवचीक) पुरे. चौदाव्या होलला हात जड झाल्यावर हेडचं लोखंड कुठलं हे आठवणार पण नाही तुम्हाला.

घरी करायचं काम सांगतो. फेसवर टाल्कम पावडरचा हात फिरवा आणि वीस बॉल मारा, डाग कुठं कुठं पडतात त्याचा फोटो काढा. मग बॉलवर मार्करने उभी जाड रेष काढा, ती रेष फेसकडे उभी करून बॉल ठेवा आणि मारा, रेषेचा ठसा फेसवर उमटतो. ठसा वरून मानेकडे झुकला तर क्लब फ्लॅट पडतोय, टोकाकडे झुकला तर अपराइट, म्हणजे उलट, टोक वर राहतंय. दोन्ही सेटवर करा आणि मग इथं लिहा.

सिंहगडरोडकर

उशीर झाला उत्तर द्यायला, मधे ऑफिसचं काम होतं. मंडळी, मनापासून आभार, इतकं कुणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं.

येरवडावाल्या दादांनी सांगितलं तसं केलं. पावडर लावून दोन्ही सेटच्या सात नंबरने वीस-वीस बॉल मारले. डाग दोन्हीकडे सारखेच विखुरलेले, बहुतेक टोकाकडे आणि खाली, म्हणजे मारणारा तोच. पण जाऊन बॉल बघितले तेव्हा डोळे उघडले. ब्लेडचे वीस बॉल पार शंभर यार्डापासून एकशे चाळीसपर्यंत पसरलेले आणि कॅव्हिटीचे त्याच्या निम्म्या पट्ट्यात. रेषेचा ठसा दोन्हीकडे मानेकडे झुकलेला, म्हणजे फ्लॅटच पडतोय. आणि ते मेंबर भले माणूस, त्यांनी सेट मशीनवर लावू दिला, तर सहा आणि सात नंबरमध्ये फक्त दोन डिग्रीचा फरक निघाला, त्यांनाही माहीत नव्हतं.

कास्टचीच ऑर्डर दिली. लाय अपराइट करून, ९५ ग्रॅमचा स्टील शाफ्ट, पाच नंबर ते पिचिंग वेज. त्या दोन बॉलांची आठवण येते अजून, हँडिकॅप १२ च्या आत आला की चेंबूरकर सांगतात तसला फोर्ज्ड कॅव्हिटी घेईन.

आता एक नवी शंका. या सेटचा सात नंबर २९ डिग्री लॉफ्टचा आहे, मेव्हण्याचा ३४ चा होता. माझी सँड वेज ५६ ची जुनीच ठेवतोय. मधे खड्डा पडेल का?

चेंबूरचा_जुना_मेंबर

पडेल, मोठा पडेल. सात नंबर २९ असेल तर पिचिंग वेज ४१ ते ४४ च्या मधे कुठेतरी असणार, कंपनीच्या तक्त्यात बघून घ्या. तिथून थेट ५६ म्हणजे बारा-पंधरा डिग्रीची उडी, आणि नेमकं ७० ते १०० यार्डात तुमच्या हातात क्लबच नसणार, जिथून आपण सगळ्यात जास्त स्कोअर घालवतो. त्याच सेटची पुढची वेज मिळते, ४५ ते ५० मधली, ती आत्ताच त्याच ऑर्डरमध्ये टाका, लाय आणि शाफ्ट एकसारखे येतील. पाच नंबर काढून टाकलात तरी चालेल, पैसे तिथून निघतील.

येरवडा_रेंज

पाच नंबर काढाच. आणि ५६ ची सँड वेज येताना घेऊन या, तिची पण लाय बघू, नाहीतर बाकी सगळे क्लब सरळ आणि ती एकटीच उजवीकडे मारेल.