मदत हवी आहे: सोमवारी कोळसा खाणीची जनसुनावणी, काय बोलू?

वणीचा_पोरगा
गावाने मला बोलायला उभं केलंय, कारण काय तर मी नागपूरला शिकलो. ब्लास्टिंगने घरांना भेगा गेल्यात. दुपारी बार होतो तेव्हा आईच्या मांडणीवरची भांडी वाजतात. विहिरीही आटल्या. आता खाण अजून वाढवणार म्हणतात. कोणता कायदा सांगू? लवकर सांगा, लोक विचारून राहिले.

निवृत्त_सर्व्हेअर
खाण सरकारी की खाजगी? गाव खाणीपासून किती मीटर? विस्तार की नवी? एवढं न सांगता काय सांगायचं माणसाने!

वणीचा_पोरगा
सरकारी. विस्तारच. शेवटचं घर ४०० मीटरवर असेल.

निवृत्त_सर्व्हेअर
मग भेगांचे फोटो दाखवत बसू नका, कंपनाचे आकडे मागा. खाण सुरक्षा महासंचालनालयाचं १९९७चं परिपत्रक आहे. कंपनीच्या मालकीची नसलेली साधी घरं असतील आणि कंपन ८ हर्ट्झखालचं (सेकंदाला ८ पेक्षा कमी हेलकावे) असेल, तर जमीन हलण्याच्या वेगाची मर्यादा सेकंदाला ५ मिलिमीटर. नोंदी ठेवल्यात का, हे माहिती अधिकारात विचारा.

जंगलवाली
माहिती अधिकाराला ३० दिवस लागतात काका, सुनावणी सोमवारी आहे.

निवृत्त_सर्व्हेअर
भर सभेत मागायला कोण अडवतं? ३१ वर्षं खाणीत काढलीत मी.

सुतार_भाऊ
भेगांत नुसतं सिमेंट भरू नका, परत फुटते. आधी भेग खरवडून रुंद करा, धूळ झाडा, मग पॉलिमर मिसळलेलं भरा.

जंगलवाली
भाऊ, बार रोज होतोय. बुजवून काय करायचं?
दादा, गावाजवळ वनजमीन आहे का? असेल तर वनहक्क कायदा, २००६ आणि ग्रामसभा. सिंगरौलीत महान कोळसा ब्लॉकच्या वेळी अमेलिया गावच्या ग्रामसभेच्या २०१३च्या संमतीच्या ठरावावर मेलेल्यांच्या सह्या असल्याची तक्रार झाली होती. लोकांनी सोडलं नाही, २०१५ला तो ब्लॉक लिलावातून वगळला.

शेतकरी_७१
हे मध्य प्रदेशचं झालं. आमच्याकडे अर्धं गाव म्हणते २ एकराला १ नोकरी मिळून राहिली, खाण होऊ द्या. जमीन किती जाते ते सांग ना पोरा आधी.

वणीचा_पोरगा
आमची नाही जात. नोकरी त्यांना, धूळ आमाले.

शेतकरी_७१
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं होतं बाप्पा! जमीन न जाणाऱ्याला कोणी विचारत नाही, म्हणून जनसुनावणीत जास्त तोच बोलला पाहिजे.

पुणेकर_काका
मुळात कोळसा लागतोच कशाला? आमच्या सोसायटीने गच्चीवर सोलर बसवलं, बिल शून्य.

जंगलवाली
काका, वेगळा धागा काढा.

कोर्टकचेरी
आता मुद्द्याचं. पर्यावरणावरील परिणामांच्या मूल्यांकनाची २००६ची केंद्राची अधिसूचना आहे, तिच्याप्रमाणे जनसुनावणीची किमान ३० दिवस आधी नोटीस लागते. त्या मूल्यांकन अहवालाचा मराठीत सारांश मिळायला हवा. अध्यक्षपदी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यापेक्षा खालच्या दर्जाचा नाही असा अधिकारी हवा. पेपरातली नोटीस बघा, तारीख मोजा.

निवृत्त_सर्व्हेअर
तारखांनी भेगा भरत नाहीत.

कोर्टकचेरी
आकड्यांनीही नाही साहेब. पण मंजुरीविरुद्ध हरित लवादात अपील करायचं झालं, तर ही नोटीस कामी येते.

वणीचा_पोरगा
पेपर आईने पिठाच्या डब्याखाली अंथरला होता. तारीख दिसते. आज शनिवार, सोमवारपर्यंत मोजलं तर २३ दिवस होतात. सारांश तर कोणी पाहिलाच नाही.

कोर्टकचेरी
मग सकाळीच लेखी हरकत द्या, दोन प्रती, पोच घ्या. शेवटी इतिवृत्त वाचून दाखवतात, ते होईपर्यंत उठू नका. तुम्ही बोललेलं त्यात आलं नाही, तर तिथेच हात वर करा.

वणीचा_पोरगा
पोच देत नसतील तर?

शेतकरी_७१
पोस्टाने पाठव. रजिस्टर्ड. पावती डब्याखाली नको टाकू.