कोलकात्यात तीन दिवस, कुठे जेवायचं? (दोन मासेखाऊ, एक शाकाहारी, एक कार्टं)

अलिबागची_सून
नमस्कार मंडळी. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं कोलकात्याला जातोय, शुक्रवारी सकाळी पोचतो आणि रविवारी रात्रीचं परतीचं विमान. हॉटेल पार्क स्ट्रीटजवळ घेतलंय. नवरा आणि मी मासे म्हटलं की वेडे. सासूबाई पक्क्या शाकाहारी, पण शेजारच्या ताटात मासा असला तर त्यांना काही वाटत नाही, सगळं आयुष्य अलिबागला गेलंय त्यांचं. मुलगा नऊ वर्षांचा, त्याला तिखट नको काटे नको, चायनीज मात्र कधीही. नेटवर बघायला गेले तर प्रत्येक यादीत पन्नास नावं आणि सगळीच म्हणे 'मस्ट', अहो पण तीन दिवसांत माणूस जेवणार किती वेळा? कशाला जाऊ, काय सोडू, टेबल कुठे आधी सांगून ठेवायला लागतं, आणि मुख्य म्हणजे सासूबाईंना पनीर बटर मसाला न खाता खरं बंगाली काही मिळेल का? कालीघाट आणि दक्षिणेश्वर त्यांना करायचंच आहे.

हाजरा_रोडकर
इथेच राहतो, त्यामुळे लिहितोय जरा सविस्तर. पहिलं म्हणजे याद्या बंद कर आणि दुपारी एक वाजता तुम्ही शहरात कुठे असाल ते बघ, जेवण तिथेच शोधायचं. इथे उत्तरेतून दक्षिणेला जेवायला म्हणून टॅक्सीने निघालात की अर्धी दुपार गेलीच समज.

कालीघाट सकाळी करणार ना, मग जेवण रासबिहारीच्या चौकाजवळ 'तरुण निकेतन'ला. हे पाइस हॉटेल, म्हणजे गावाकडून नोकरीला आलेल्या बाबूंसाठी निघालेली खानावळ, १९१५ पासूनची. एसी वगैरे विसर. बसलं की माणूस समोर उभा राहून आजचे मासे एका दमात म्हणून दाखवतो, पाबदा, पारशे, टँगरा, चिंगडी, काय कळलं नाही तर सरळ शेजारच्याच्या पानाकडे बोट दाखवायचं, कोणी हसत नाही. भात वेगळा, डाळ वेगळी, लिंबाची फोड वेगळी, आणि केळीच्या पानाचेसुद्धा वेगळे पैसे लावतात! तरी चौघांचं बिल बघून नवरा परत मोजायला लावेल. दीडच्या आत पोचा, नंतर चांगले मासे संपतात.

आणि जानेवारीत हिल्सा मागू नकोस. तो पावसाळ्यातला मासा, आत्ता जो मिळेल तो बर्फातला. भेटकी खा. भेटकी म्हणजे आपला जिताडाच, अलिबागच्या सुनेला मी काय सांगणार. मुलालाही तोच दे, फिश फ्राय म्हणून मागवलंस की बिनकाट्याचा तुकडा ब्रेडक्रम्समध्ये तळून येतो.

हो, एक राहिलं, कालीघाटला अजून बोकड बळी देतात. सासूबाईंना आधी कल्पना देऊन ठेव.

पोटोबा_आधी
हाजरा रोडकरांना +१, फक्त एक रात्र तरी पार्क स्ट्रीटला दे गं, हॉटेल तिथेच आहे म्हणतेस. मोकॅम्बो १९५६ चं, पीटर कॅट १९७५ चं, चेलो कबाब तिथलाच, बटर घातलेला भात वर अंडं बाजूला कबाब, मुलगा खूश. शनिवारी रात्री मात्र फुटपाथवर रांगेत उभं राहायची तयारी ठेवा, त्यापेक्षा शुक्रवारी संध्याकाळी सातलाच जाऊन बसा. जेवणानंतर तिथल्याच ट्रिंकाज रेस्टॉरंटमध्ये डोकावलात तर गाणं चालू असतं, उषा उथुप यांनी तिथे गायलंय.

फुकटचा_सल्ला
पार्क स्ट्रीट म्हणजे जुन्या आठवणींचे पैसे. बंगाली लोकांची लहानपणची मजा असेल ती, आपण तीन दिवसांसाठी जाणाऱ्याने कॉन्टिनेंटल कशाला खायचं? त्याऐवजी बिर्याणी खा. अवधचा नवाब वाजिद अली शाह १८५६ ला लखनौ सोडून इथे कोलकात्यात मटियाबुर्जला येऊन राहिला, त्याचे खानसामेही आले आणि इथल्या बिर्याणीत बटाटा पडला. पैसे कमी पडले म्हणून घातला की नवलाई म्हणून, यावर इथले लोक अजून भांडतात. पण बटाटा खा आणि मग बोला. अर्सलानला जा नाहीतर अमिनियाला, मसाला कमी असतो, मुलालाही जमेल.

पोटोबा_आधी
@फुकटचा_सल्ला तुम्ही पुण्यात येऊन इराण्याकडे बन मस्का खाता तो कुठल्या आठवणींचा हो?

शाकाहारी_मावशी
सासूबाईंचं कोणी बोलेना म्हणून मी लिहिते. मी स्वतः शाकाहारी, आणि बंगालमध्ये उपाशी राहावं लागतं ही अफवा आहे. विधवांच्या स्वयंपाकघरात कांदालसणीशिवायचं जे जेवण पिढ्यान् पिढ्या शिजलं त्याला तोड नाही. फक्त तिथे 'व्हेज' म्हणू नका, 'निरामिष' म्हणा. नुसतं बघून मागवलंत तर मुगाच्या डाळीत माशाचं डोकं निघतं आणि दुधीच्या भाजीत कोळंबी, आणि वाढणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही.

मागवायचं काय, तर सुरुवातीला शुक्तो, कारलं घातलेली किंचित कडू मिश्र भाजी, ती पहिल्यांदाच खायची, शेवटी नाही. मग आलू पोश्तो (बटाटा खसखशीत, दुपारी खाल्लात तर झोप ठरलेली), मोचार घंटो म्हणजे केळफुलाची भाजी, आणि धोकार डालना, चण्याच्या डाळीच्या वड्या तळून रश्शात, आपल्या पाटवडी रश्शाची चुलत बहीणच. शनिवारी रात्री गरियाहाटकडचं '६, बालीगंज प्लेस' बघा, जुन्या बंगल्यात आहे, नीट बसून चौघांना आपापलं खाता येईल, टेबल आधी फोन करून सांगा. दक्षिणेश्वरला मेट्रो थेट जाते, देवळाबाहेर हिंगाची कचोरी आणि डाळ, नाश्ता तिथेच उरकायचा, हॉटेलचा ब्रेकफास्ट घेऊच नका.

जानेवारी म्हणजे नोलेन गुडाचा सीझन. खजुराचा नवा गूळ, संदेशात, रसगुल्ल्यात, सगळीकडे. उत्तरेत हेदुआजवळ नकूडचं दुकान १८४४ चं, फक्त संदेश मिळतो, बसायला जागा नाही, जाळीतून हातात घ्यायचा आणि रस्त्यावर खायचा. भवानीपूरचं बलराम मल्लिक हे मिठाईचं दुकान कालीघाटहून जवळ. संक्रांतीच्या आसपास जाताय तर पाटिशाप्टा पण मिळेल, नारळ-गुळाचं सारण घातलेली घावनासारखी गुंडाळी, सासूबाई नक्की कृती विचारतील.

अलिबागची_सून
किती छान लिहिलंय सगळ्यांनी!! भेटकी म्हणजे जिताडा हे वाचून नवऱ्याने आत्ताच बॅग भरायला घेतली 😄 असं ठरवतेय बघा: शुक्रवार कालीघाट, तरुण निकेतन, जाता जाता बलराम मल्लिक, रात्री पार्क स्ट्रीट सातला. शनिवार सकाळी दक्षिणेश्वर आणि कचोरी, परतताना नकूड, रात्री बालीगंज प्लेस. रविवार कॉलेज स्ट्रीटची पुस्तकं, कॉफी हाऊस, मग जेवायला टँगरा (मासा नव्हे, तिथला चायनाटाउन), मुलाला चायनीज कबूल केलंय. बिर्याणी कुठे बसवू?

हाजरा_रोडकर
कॉलेज स्ट्रीट रविवारऐवजी शनिवारी कर. कॉलेज स्ट्रीटची पुस्तकांची दुकानं रविवारी बहुतेक बंद असतात, नुसत्या फळ्या बघून येशील. शनिवारी दुपारी नकूडहून तसंच खाली कॉलेज स्ट्रीटला उतर, कॉफी हाऊसमध्ये पगडीवाले वेटर ऑर्डर घ्यायला सावकाश येतात, घाई नको. तिथली कॉफी काही भारी नाही, वातावरणासाठी जायचं, खायला चिकन कोबिराजी घ्या, म्हणजे अंड्याच्या जाळीदार आवरणातलं कटलेट. सासूबाईंना शेजारच्या पॅरामाउंटमध्ये डाबचं सरबत पाजा, १९१८ चं दुकान, वर शहाळ्याची मलई असते. त्या दिवशी दुपारचं वेगळं जेवण धरू नकोस, सकाळी कचोरी, मग संदेश, मग कोबिराजी, कोणाला भूक लागणार आहे.

रविवारी लवकर उठत असाल तर साडेसहाला टिरेटा बाजार, रस्त्यावर चिनी लोक मोमो आणि बाओ विकतात, आठ-साडेआठला सगळं आवरतं. मुलाचं चायनीज तिथेच झालं की टँगरा काढून टाक आणि दुपारी बिर्याणी. सासूबाई त्या बाजारात यायच्या नाहीत, डुकराचं असतं बरंच, त्यांना झोपू दे.

फुकटचा_सल्ला
रविवारी दुपारी अर्सलानला साडेबाराच्या आत पोच, नाहीतर नंबर लावून तासभर बाहेर. सासूबाईंना तिथे रुमाली रोटी आणि दाल, त्याहून जास्त अपेक्षा नको.

शाकाहारी_मावशी
त्यापेक्षा त्यांना निघायच्या आधी डब्यात लुची (मैद्याच्या पुऱ्या) घेऊन दे.